ए.ए.च्या मीटिंगला जायचंय, पण गावात कळलं तर?

प्रश्न : वय ४३. साखर कारखान्यात फिटर आहे, हंगामात तीन पाळ्या असतात. बारा-तेरा वर्षं रोज पितो. आधी नाइंटीवर भागायचं, आता दीड-दोन क्वार्टर लागतात. दर वर्षी श्रावण पाळतो. पहिले तीन-चार दिवस हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, मग ठीक होतं. गौरी-गणपती झाले की पुन्हा सुरू. एकदा माळ घातली होती, सात महिन्यांनी उतरवली. डॉक्टर म्हणतात, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगला जा. तालुक्याच्या गावी चर्चच्या हॉलमध्ये भरते असं ऐकलंय, आमच्यापासून २२ किलोमीटर. तिथे नेमकं काय करतात? उभं राहून बोलावं लागतं का? नाव लिहून घेतात का? गावातलं कुणी भेटलं तर काय? मंडळींनी कुठून तरी चहात टाकायची पावडर आणली होती, त्यावरून घरात मोठं भांडण झालं. – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

नमस्कार दादा,

तुमचे प्रश्न मीटिंगबद्दल आहेत, पण श्रावणातल्या त्या पहिल्या तीन-चार दिवसांबद्दल तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, ते आधी घेऊ. एका क्वार्टरमध्ये १८० मिली दारू असते. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तुम्ही रोज ९० ते १२० ग्रॅम घेताय. इतकी दारू वर्षानुवर्षं पोटात गेली की मेंदू तिच्या हिशेबाने काम करायला लागतो, आणि ती अचानक बंद झाली की थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. हे शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत दिसतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जण भ्रमात जातात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो.

दर वर्षी श्रावणात सोडायची आणि भाद्रपदात धरायची, या पद्धतीत आणखी एक खोच आहे. अशी सोड-धर जितक्या वेळा होते, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जाण्याची शक्यता असते. गेल्या वर्षी नुसती थरथर होती म्हणून यंदाही तेवढीच असेल, असं धरून चालू नका. ‘मी महिनाभर सोडू शकतो, म्हणजे मला व्यसन नाही’ असंही अनेक जण म्हणतात. तुमचे थरथरणारे हात वेगळंच सांगतायत.

तेव्हा दारू बंद करायची ती डॉक्टरला सांगून. मिरज-सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, शिवाय तुमचे डॉक्टर आहेतच. साधारण पाच ते सात दिवस कमी-कमी करत द्यायच्या गोळ्या असतात. त्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घ्यायच्या नाहीत आणि त्यांच्यावर दारू तर अजिबात प्यायची नाही. डॉक्टरला माप खरं सांगा. लाजेपोटी लोक निम्मं सांगतात, मग औषधाचा डोस अपुरा पडतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस गुत्त्यावर दिसतो. आधी कधी फिट आली असेल, लिव्हर किंवा शुगरचा त्रास असेल, तर दाखल होऊनच सोडा. खेड्यात ‘एक सलाईन लावा, उतरेल’ असं चालतं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, कमतरता असते. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून थायमिन आधी दिलंय का, हे विचारायला लाजू नका. फिट आली, बडबड सुरू झाली किंवा माणसं ओळखेनाशी झाली, तर १०८ला फोन.

पावडरीचंही इथेच उरकतो. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. कधी त्यात डायसल्फिराम नावाचं औषध असतं. ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय अशक्त असेल तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हेच औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, तुमच्या संमतीने, सगळे धोके समजून घेऊन घेतलं तर उपयोगी पडतं. चोरून दिलं तर ते विषासारखंच. वहिनींवर चिडू नका. घाबरलेलं माणूस असंच काही तरी करतं. पुडी उरली असेल तर फेकू नका, डॉक्टरला नेऊन दाखवा आणि किती दिवस चहात पडत होती तेही सांगा.

आता मीटिंग. दारू पूर्ण थांबल्यावरच जायचं, असा नियम नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या तिसऱ्या परंपरेनुसार (संघटनेच्या तत्त्वांना तिथे ‘परंपरा’ म्हणतात) सभासद व्हायला एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, हजेरीचं रजिस्टर नाही. पिऊन गेलात तरी बहुतेक ग्रुप बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका, ऐका, असं सांगतात. पण गाडी चालवत पिऊन जाऊ नका. २२ किलोमीटर आहेत.

ही संघटना १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली, भारतात १९५७ पासून आहे. तुम्ही ‘चर्चमध्ये भरते’ लिहिलंय आणि त्यामागचा न लिहिलेला प्रश्नही आम्हाला कळला. आपल्याकडे या मीटिंगा चर्चचे हॉल, पालिकेच्या शाळा, समाजमंदिरं अशा ठिकाणी भरतात, कारण तिथे खोली स्वस्तात मिळते. ग्रुप त्याचं भाडं देतो आणि त्या संस्थेचा मीटिंगशी काही संबंध नसतो. संघटनेची सुरुवात एका ख्रिस्ती चळवळीच्या सावलीत झाली हे मात्र खरं, आणि बारा पायऱ्यांच्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा टप्प्यांच्या, भाषेत त्याच्या खुणा आहेत. त्यात ईश्वर येतो, शेवटी प्रार्थनाही होते. पण ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ असं तिथे म्हटलेलं आहे. वारकऱ्याला तिथे विठ्ठल आठवायला कुणी अडवत नाही, आणि देव न मानणारे सभासद ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानून चालतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी चालतं.

मीटिंग शोधताना चूक होते ती अशी, की माणूस यादीतला पत्ता घेऊन थेट जातो आणि दाराला कुलूप असतं. शाळेत परीक्षा असते, निवडणुकीचं मतदान केंद्र झालेलं असतं, गणपतीत हॉल मंडळाकडे असतो, किंवा ग्रुपची जागाच सहा महिन्यांपूर्वी बदललेली असते. मग ‘आपल्या नशिबातच नाही’ म्हणून माणूस परत फिरतो, आणि वाटेत काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार यादी पाहा, त्यातल्या संपर्काच्या नंबरला त्याच दिवशी दुपारी फोन करा. इंटरनेट जमत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आहे. दोन्हीकडे जवळचं केंद्र आणि उपचार विचारता येतात. सिव्हिलमधल्या समुपदेशकाकडेही स्थानिक ग्रुपचा नंबर बहुधा असतो.

फोनवर काय बोलायचं, याचीच पुष्कळांना धास्ती असते. एवढंच म्हणा : ‘मला दारू सोडायचीय, मीटिंगला यायचंय, पहिलीच वेळ आहे.’ नाव सांगायची गरज नाही. पुढे चार गोष्टी विचारा. आज मीटिंग नक्की आहे का आणि आत जायचं दार कुठलं. ओपन आहे की क्लोज्ड. मराठीत चालते का. आणि किती वाजता सुटते. शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होणारी मीटिंग साडेआठ-नऊला सुटते आणि शेवटची एसटी तुमच्यासाठी थांबत नाही. परतीची सोय आधी सांगून ठेवली तर त्या बाजूला राहणारा सभासद बऱ्याचदा गाडीवर सोडतो. नवख्या माणसासाठी हे करणं त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे उपकार घेतल्यासारखं वाटून घेऊ नका.

ओपन मीटिंगला घरचे, डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी कुणीही बसू शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. गावात कळण्याची भीती असेल तर सुरुवात क्लोज्डपासून करा. तिथे तुमच्या गावचा कुणी भेटलाच, तर तो ज्या खुर्चीवर बसलाय तिथे त्यालाही त्याच कारणाने यावं लागलंय. तरीही संकोच असेल तर पहिले दोन महिने तालुक्याऐवजी सांगली, कोल्हापूर किंवा कराडच्या ग्रुपला जा. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ‘इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं’ हा सभासदांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे, डॉक्टर-वकिलाला असतं तसं कायद्याचं बंधन त्यामागे नाही. बहुतेक लोक तो कसोशीने पाळतात. पण कोर्टातली भानगड, कारखान्यातला एखादा घोटाळा, दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन सांगायची गोष्ट भर मीटिंगमध्ये काढू नका. ती एकट्या विश्वासू माणसाजवळ बोला.

आत गेल्यावर पाच-सहापासून वीस-पंचवीसपर्यंत माणसं दिसतील. एक जण मीटिंग चालवतो. सुरुवातीला ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतात, मग पुस्तकातला एखादा उतारा, मग शेअरिंग. एकेक जण ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून पाच-दहा मिनिटं बोलतो : आधी काय होतं, काय झालं, आता कसं आहे. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, ‘तुझं चुकलंच’ म्हणत नाही. तुमच्यावर वेळ आली तर ‘मी आज ऐकायला आलोय’ इतकं पुरतं. ‘अल्कोहोलिक’ म्हणायला जीभ वळत नसेल तर नुसतं नाव सांगा, तेही पहिलंच, आडनाव कुणी विचारत नाही. मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो. त्यातून हॉलचं भाडं, चहा आणि पुस्तकं भागतात, कारण संघटना बाहेरून देणगी घेत नाही. नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही, पुढे दहा-वीस रुपये टाकले तरी पुष्कळ. मोबाइल बंद ठेवायचा, फोटो काढायचा नाही.

हा एक-दीड तास वाटतो तितका अवघड नसतो. आमच्या मते मीटिंगचं निम्मं मोल तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत आहे. अगदी वेळेवर पोचून मागच्या खुर्चीवर बसणारा आणि प्रार्थना संपताच चप्पल घालणारा माणूस सहसा महिन्याभरात दिसेनासा होतो, कारण त्याला कुणी ओळखत नाही आणि त्याच्याकडे कुणाचा नंबर नाही. रात्री साडेनऊला तल्लफ येते तेव्हा हॉल बंद असतो, फोन चालू असतो. म्हणून पंधरा मिनिटं आधी जा, खुर्च्या लावायला हात द्या, चहाचे कप उचला. हातात काम असलं की नवखा माणूस अवघडत नाही. आणि निघताना किमान तीन जणांचे नंबर घ्या, त्यातला एक तरी निदान वर्षभर न प्यायलेला असावा. दुसऱ्याच दिवशी त्या तिघांना काही कारण नसताना एकेक फोन करा. पहिला फोन तल्लफ असताना करायचा म्हटलं तर तो होत नाही. आधी साधं बोलणं झालेलं असलं की त्या वेळी बोट दाबलं जातं.

नंबर द्या-घ्या, पण व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये लगेच टाकून घेऊ नका. तिथे तुमचा नंबर, फोटो, पूर्ण नाव सगळ्यांना दिसतं, आणि फोन मुलाच्या हातात असतो तेव्हा वरती नोटिफिकेशन येतं. कुणी ‘ॲड करतो’ म्हणालं तर ‘थोडं थांबू’ म्हणा. राग येत नाही कुणाला.

किती वेळा जायचं? मुंबई-पुण्यात नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा असं सांगतात. तिथे रोज कुठे ना कुठे मीटिंग असते. तुमच्याकडे आठवड्याला एक किंवा दोन असतील. तेव्हा असं जमवा : आठवड्यात एक प्रत्यक्ष मीटिंग चुकवायची नाही, दोन-तीन ऑनलाइन, आणि उरलेल्या दिवशी एक फोन. मराठी-हिंदी ऑनलाइन मीटिंगा कोविडनंतर चालू राहिल्या आहेत. झूमवर जाण्याआधी तिथलं आपलं नाव बदलून नुसतं पहिलं नाव ठेवा, नाही तर पूर्ण नाव पडद्यावर झळकतं. कॅमेरा बंद चालतो, इअरफोन लावा. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग बुडणारच. त्या आठवड्यात पाळी बदलून घेता येते का ते पाहा, नाही तर सकाळची ऑनलाइन धरा. ‘हंगाम संपला की सुरू करतो’ हे मात्र नको. गळीत संपायला मार्च-एप्रिल उजाडतो.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. सहा वेळा जा, शक्य तर दोन वेगळ्या ग्रुपना. काही ग्रुप तिघांचे असतात आणि तेच तिघं तेच बोलतात. कुठे जुने सभासद प्रवचनच देतात, कुठे पदावरून धुसफूस असते. माणसंच आहेत. पण काही गोष्टी दिसल्या तर तिथून बाजूला व्हा : कुणी उसने पैसे मागितले, भिशी किंवा पॉलिसी गळ्यात मारायला लागला, किंवा ‘ए.ए.त आलास ना, आता गोळ्या बंद कर’ म्हणाला. शेवटची गोष्ट सगळ्यात धोक्याची. औषधाबद्दल बोलणं हे सभासदांचं काम नाही, असं ए.ए.चंच साहित्य सांगतं. डॉक्टरची गोळी आणि मीटिंग दोन्ही एकदम चालतं.

ए.ए. मनाला पटलं नाही तर रस्ता संपत नाही. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचे (ते १९८६ पासून आहे) पाठपुरावा गट असतात. दाखल होऊन गेलेल्यांसाठी ते विशेष उपयोगी, तिथे समुपदेशक असतो आणि ईश्वराचा उल्लेख टाळता येतो. ए.ए.बद्दल ‘भजनी मंडळ आहे’ असं कुणी म्हणालं तर इतकं माहीत असू द्या : २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली. बारा पायऱ्यांच्या मार्गाने नेणारे, आखीव पद्धतीचे उपचार सलग न पिण्याच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांहून सरस ठरले. सगळ्यांना लागू पडतं असा त्याचा अर्थ नाही.

स्पॉन्सरबद्दल विचारलं नाहीत, पण ऐकायला मिळेल. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांमधून तुम्हाला हाताला धरून नेणारा जुना सभासद. पुरुषाने पुरुष निवडावा, त्याला किमान वर्ष-दोन वर्षं झालेली असावीत, आणि तो फोन उचलणारा असावा. गोड बोलणाऱ्यापेक्षा फोन उचलणारा बरा. पहिल्याच आठवड्यात ठरवायची घाई नको.

घसरणं कुठे होतं तेही सांगून ठेवतो. मीटिंग सुटते तेव्हा पोट रिकामं असतं, आणि भूक व तल्लफ यांत पटकन फरक कळत नाही. निघण्याआधी घरून भाकरी खाऊन जा, खिशात शेंगदाणे-गूळ ठेवा. परतताना जेवायला परमिट रूम असलेल्या धाब्यावर थांबू नका, ‘मी नुसतं जेवतोय’ म्हणत बसणारे बरेच पाहिलेत. नेहमीचं दुकान ज्या फाट्यावर आहे तो फाटा काही महिने टाळता आला तर दोन-चार किलोमीटर जास्त पडू द्या. पगाराचा आणि बोनसचा दिवस, गटारी, जत्रा, कारखान्यातल्या कुणाची निवृत्तीची पार्टी, या तारखा आधीच कॅलेंडरवर लिहा आणि त्या संध्याकाळी मीटिंग किंवा फोन ठरवून टाका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात तरतरी येते, भूक लागते, झोप येते, आणि ‘आता काय गरज’ वाटतं. मीटिंगला जाणं सुटण्याची तीच वेळ असते.

आणि प्यायलात तर? त्याला तिथे ‘स्लिप’ म्हणतात. बहुतेक जण स्लिपनंतर लाजेने सहा महिने फिरकत नाहीत आणि ते सहा महिने पिण्यात जातात. माळ उतरवल्यावर तुमचंही असंच काहीसं झालं असावं : शपथ मोडली, मग तोंड कुठे दाखवायचं. इथे शपथ घेतलेलीच नसते, फक्त आजचा दिवस प्यायची नाही इतकंच धरायचं असतं. त्याच आठवड्याच्या मीटिंगला जा आणि ‘प्यायलो’ म्हणून सांगा. खोलीतल्या अनेकांनी ते वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. मात्र स्लिप चार-पाच दिवस चालली असेल, तर पुन्हा एकदम बंद न करता आधी डॉक्टर.

राहिल्या वहिनी. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी संघटना आहे, १९५१ पासून. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं हे शिकवत नाहीत. बाटल्या शोधणं, खिसे तपासणं, कारखान्यात ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करणं, यातून स्वतःला कसं बाहेर काढायचं, याबद्दल बायका एकमेकींशी बोलतात. मुलं मोठी असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन आहे. काही ठिकाणी अल-अनॉन त्याच इमारतीत, त्याच वेळी, शेजारच्या खोलीत भरतं. तुमच्या तालुक्याला आहे का, ते त्याच फोनवर विचारा. नसेल तर महिन्यातून एकदा होणाऱ्या ओपन मीटिंगला त्यांना घेऊन जा. दोघं एकाच गाडीवरून गेलात तर शेवटच्या एसटीचा प्रश्नही मिटतो.